जंतूची वाट

वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्र पहिल्यांदा शिकणाऱ्या विद्यार्थ्याची वही उघडली, तर पानंच्या पानं नावांनी भरलेली दिसतात. स्टॅफिलोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, क्लेबसिएला, स्यूडोमोनास, साल्मोनेला, शिगेला. प्रत्येक नावापुढे आकार, रंग, कोणत्या माध्यमावर वाढतो, कोणती चाचणी पॉझिटिव्ह येते, कोणता रोग होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री हे सगळं एकदा नजरेखालून जातं आणि व्हायवा संपला की महिन्याभरात विरून जातं. यात मुलांचा दोष नाही आणि विषयही तितका अवघड नाही. नावं सुटी सुटी शिकवली जातात आणि त्यांना ओवणारा धागा कुणी हातात देत नाही, म्हणून असं होतं. नर्सिंग, डीएमएलटी आणि बी.एस्सी.च्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या या पुस्तकाने एक धागा पहिल्या पानापासून धरून ठेवला आहे, तो म्हणजे जंतूची वाट. जंतू एरवी राहतो कुठे, तिथून बाहेर कसा पडतो, कशाच्या आधाराने प्रवास करतो, नव्या शरीरात कुठून शिरतो, आणि या साऱ्या वाटेवर आपण त्याला कुठे गाठू शकतो? प्रत्येक प्रकरण हेच विचारत पुढे जातं. मला ही पद्धत मनापासून पटते. ती का पटते, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना जरा लांबवतो आहे.

वाट ठाऊक नसली की काय होतं, हे महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वी भोगलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. प्लेगचा जंतू तेव्हा अनोळखी राहिलेला नव्हता. अलेक्झांडर यर्सिनने दोन वर्षं आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत तो रुग्णांच्या गाठींमधून शोधून काढला होता. म्हणजे आरोपी माहीत होता, पण तो घरात येतो कसा हे माहीत नव्हतं. रोगी माणूस आणि घाण यांच्यावरच सगळा संशय होता. पुढच्या वर्षी पुण्यात प्लेग कमिशनर रँडच्या अधिकाराखाली सैनिक घरोघर शिरले, माजघरापर्यंत गेले, सामान जाळलं, आजाऱ्याला इस्पितळात आणि नातलगांना छावणीत धाडलं. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी जे केलं ते आपण शाळेत वाचलेलं असतं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात हाच इतिहास आणखी एका प्रश्नासाठी वाचायला हवा. ते सैनिक घरात नेमकं काय शोधत होते? ते रोगी शोधत होते. त्याच घरांत मरून पडणाऱ्या उंदरांच्या अंगावरच्या पिसवांकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत पिसवेची भूमिका दाखवून दिली. त्याचं निरीक्षण इतकं साधं आहे की आजही थक्क व्हायला होतं. नुकताच मेलेला उंदीर हाताळणाऱ्यांना प्लेग होतो, थंडगार पडलेला उंदीर उचलणाऱ्यांना सहसा होत नाही, हे त्याने टिपलं. उंदराचं अंग थंड झालं की पिसवा त्याला सोडून दुसरं उबदार अंग शोधतात. मग त्याने काचेच्या भांड्यात एक आजारी उंदीर पिसवांसह ठेवला आणि स्पर्श होणार नाही अशा बेताने शेजारी निरोगी उंदीर ठेवला. निरोगी उंदरालाही प्लेग झाला. तरीही अनेक तज्ज्ञांनी त्याला मोडीत काढलं, आणि मुंबईत १९०५ पासून पद्धतशीर प्रयोग झाले तेव्हा कुठे त्याचं म्हणणं सर्वमान्य झालं. आपल्या खेड्यांतल्या माणसांनी मात्र उंदीर पडू लागले की घरदार सोडून रानात झोपड्या घालायच्या, हे अनुभवाने जाणलं होतं. त्यांना पिसू आणि जंतू यांचा संबंध ठाऊक नव्हता, पण वाटेचा एक तुकडा त्यांच्या ध्यानात आला होता.

सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगने गेल्या, प्लेगच्याच रुग्णांची सेवा करता करता. सिमाँचा प्रयोग तेव्हा वर्षभराहून अधिक दूर होता. आजाऱ्याजवळ बसणाऱ्या बाईने स्वतःला कसं जपावं, हे त्या दिवशी जगातला कुठलाही तज्ज्ञ खात्रीने सांगू शकला नसता. आज पुस्तकात ते दोन ओळींत लिहिलेलं असतं. काखेत किंवा जांघेत गाठ आलेला रुग्ण बहुतेक पिसू चावून आजारी पडलेला असतो, तेव्हा बंदोबस्त पिसवांचा आणि उंदरांचा करायचा. जंतू फुप्फुसात पोचला असेल, तर खोकल्याच्या तुषारांतून तो थेट समोरच्या माणसाकडे जातो, तेव्हा मास्क हवा आणि वेगळी खोली हवी. जंतू एकच, वाटा दोन, आणि सेवा करणारीने घ्यायची काळजीही दोन तऱ्हांची. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी या दोन ओळी घाईने ओलांडू नयेत.

प्लेगच्या लशीची हकीकत बहुतेक सगळ्या पुस्तकांत असते. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा प्रयोगशाळेत ती तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली टोचणी स्वतःलाच घेतली. जंतू वाढवण्यासाठी ते ब्रॉथवर तूप सोडत. तुपाच्या थेंबांखालून प्लेगचे जंतू ब्रॉथमध्ये लोंबत वाढत जातात, आणि ही खूण आजही व्हायवाला विचारतात. पण या लशीच्या इतिहासातलं जे पान मी दरवर्षी वर्गात मोठ्याने वाचून दाखवतो ते मुंबईतलं नाही, पंजाबातल्या मुल्कोवाल या गावातलं आहे.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी त्या गावात १०७ माणसांना लस टोचली गेली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही जण दगावले. या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती. दुसऱ्या बाटल्यांतून टोचलेल्या कुणालाही काही झालं नाही. चौकशी आयोगाने ठपका लस तयार करणाऱ्या मुंबईतल्या परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला. लस निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत हाफकिन यांनी केलेला बदल त्यासाठी पुढे करण्यात आला. हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं आणि ते लंडनला निघून गेले. पुढे कागदपत्रं तपासली गेली तेव्हा एक बारीकशी गोष्ट समोर आली. गावात बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीत तापवला गेला नाही, कार्बोलिकच्या पाण्यातून काढून तसाच पुन्हा बुचाला लावला गेला. धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू मातीत असतात, आणि कार्बोलिकमधून एकदा काढल्याने बीजाणू मरत नाहीत. शिवाय बाटली उघडली तेव्हा लशीला कसलाही सडका वास नव्हता. तो जंतू बाटलीत आधीपासून वाढत असता, तर वास लपला नसता. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक नामवंत शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू उघडपणे मांडली आणि त्याच वर्षी ते निर्दोष ठरले. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव देण्यात आलं.

ही हकीकत नीट समजून घेतली तर या विषयाचा निम्मा पाया पक्का होतो. बीजाणू म्हणजे काय आणि तो साध्या जंतूपेक्षा चिवट का, ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची वाफ १२१ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवण्याचा आग्रह कशासाठी, नुसतं पुसून घेणं आणि निर्जंतुक करणं यांत काय अंतर आहे, आणि आरोप करताना पुरावा कसा तपासायचा, हे सगळं त्या एका चिमट्याच्या प्रवासात आहे. ही कलमं पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेली सापडतात. मला वाटतं, मुलांना आधी मुल्कोवाल सांगावं आणि मग निर्जंतुकीकरणाची कोष्टकं द्यावीत. कोष्टकातल्या आकड्यांमागे मग माणसं दिसू लागतात.

आता प्रॅक्टिकलच्या टेबलाकडे वळू, कारण हा विषय हातानेच शिकावा लागतो. पहिल्या तासाला विद्यार्थ्याच्या हातात नायक्रोमच्या तारेचं लूप येतं. ते बर्नरच्या ज्योतीत लालभडक होईपर्यंत तापवायचं, निवू द्यायचं, नमुन्यात बुडवायचं आणि प्लेटच्या एका कडेला पसरायचं. पुन्हा तापवायचं, पहिल्या रेघांच्या टोकाला स्पर्श करून पुढच्या रेघा ओढायच्या. असं तीन-चार वेळा केलं की शेवटच्या रेघांवर जंतू इतके विरळ होतात की ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये रात्रभर ठेवल्यावर त्यांच्या सुट्या वसाहती उगवतात. प्रत्येक वसाहत एका जंतूपासून किंवा एकत्र पडलेल्या चार-दोन जंतूंपासून वाढलेली असते. नवख्या हाताच्या रेघा एकमेकींत मिसळतात आणि सगळ्या प्लेटवर एकच साय धरते. त्यातून काहीही ओळखता येत नाही. म्हणून या रेघांसाठी वेळ द्यावा. घाई करून पुढच्या प्रयोगाकडे जाण्यात काही हशील नाही.

ज्या घट्ट पृष्ठभागावर आपण या रेघा ओढतो, त्याचं श्रेय एका गृहिणीकडे जातं. रॉबर्ट कोख यांच्या प्रयोगशाळेत जिलेटिन वापरत. ते शरीराच्या तापमानाला वितळायचं आणि काही जंतू ते पचवूनही टाकायचे. वॉल्टर हेस हा तिथला संशोधक. त्याची पत्नी फॅनी हेस जाम-जेली घट्ट करायला अगार वापरत असे. तिने १८८१ च्या सुमारास ते सुचवलं. आपल्या किराणा दुकानात चायना ग्रास म्हणून मिळतं ते हेच. ते वितळायला पाणी जवळजवळ उकळावं लागतं, पण एकदा वितळलं की साधारण ४२ अंशांपर्यंत गोठत नाही, आणि फारच थोडे जंतू ते खाऊ शकतात. जंतू वाढवायला याहून सोयीचं द्रव्य सव्वाशेहून अधिक वर्षांत मिळालेलं नाही. पुढे १८८७ मध्ये पेट्री यांनी झाकणाची बशी आणली आणि आजची प्लेट तयार झाली.

शुद्ध वसाहत वेगळी काढता येऊ लागली तेव्हाच ‘हा रोग याच जंतूने झाला’ असं पुराव्यानिशी म्हणणं शक्य झालं. कोख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला तो याच बळावर. जंतू रोग्यात सापडावा, शुद्ध वाढवता यावा आणि त्याने पुन्हा तोच रोग व्हावा, हे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे निकष प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. ते निकष जिथे लागू पडत नाहीत तिथे ते जास्त समजतात, असा माझा अनुभव आहे. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सनने नॉर्वेत १८७३ मध्ये पाहिला, म्हणजे कोख यांच्या क्षयाच्या जंतूच्याही आधी, आणि तो आजतागायत कुठल्याही कृत्रिम माध्यमावर वाढलेला नाही. उंदराच्या पंज्यात आणि आर्माडिलो या प्राण्यात तो वाढतो, प्लेटवर नाही. तरीही कुष्ठरोग कशाने होतो याबद्दल कुणाला शंका उरलेली नाही. पटकीचं उदाहरण दुसऱ्या टोकाचं. कोख १८८३-८४ मध्ये कलकत्त्याला आले आणि त्यांनी पटकीचा जंतू शुद्ध स्वरूपात वाढवला. पण आतड्याच्या भिंतीत शिरकाव न करता तो माणसाच्या अंगातलं पाणी काही तासांत कसं संपवतो, याचं उत्तर मिळायला १९५९ साल उजाडावं लागलं. ते दिलं कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून बांधून त्यांनी त्यात जंतूविरहित द्रव सोडला, ज्यात जंतू वाढवून मग गाळून टाकले होते. आतडं पाण्याने फुगलं. जंतू नसतानाही रोगाची करणी तिथे होती, म्हणजे ती विषाची होती. अत्यंत तुटपुंज्या साधनांत केलेला हा प्रयोग आपल्या अभ्यासक्रमात एका ओळीत उरकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. या पुस्तकात त्याला दोन पानं मिळाली आहेत, ती योग्यच आहेत.

ग्रामची स्टेन प्रत्येकाने डोळे मिटून करता यावी इतकी करावी. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन, आणि शेवटी सॅफ्रॅनिन. यातली तिसरी पायरी काही सेकंदांची आहे आणि तीच सगळ्यांत नाजूक आहे. जास्त धुतलं तर जांभळे दिसायला हवेत तेही जंतू गुलाबी होतात. कमी धुतलं तर गुलाबी दिसायला हवेत तेही जांभळे राहतात. जाड भिंतीचे जंतू रंग धरून ठेवतात, पातळ भिंतीचे आणि बाहेरून आणखी एक आवरण असलेले तो सोडून देतात. हे बाहेरचं आवरण पुष्कळ औषधांनाही आत येऊ देत नाही, म्हणून स्लाइडवरचा रंग पाहूनच डॉक्टरला औषधाचा पहिला अंदाज बांधता येतो. पाठीच्या कण्यातल्या पाण्याचा नमुना मध्यरात्री आला असेल, तर कल्चरचा रिपोर्ट यायला दोन दिवस आहेत, पण ही स्टेन दहा मिनिटांत होते. त्या दहा मिनिटांत टेबलाशी बसलेल्या तंत्रज्ञाच्या शब्दावर एका मुलाचा उपचार ठरू शकतो.

पण प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी ती हाती आलेल्या नमुन्याहून चांगली होऊ शकत नाही. हे वाक्य मला प्रत्येक वॉर्डच्या भिंतीवर लिहून ठेवावंसं वाटतं. क्षयाचा संशय असलेल्या आजोबांच्या हातात डबी देऊन ‘यात थुंका’ एवढंच सांगितलं तर ते लाळ देणार. लाळेत क्षयाचे जंतू सापडायची शक्यता फार कमी. चांगली सिस्टर त्यांना उघड्या हवेत, माणसांपासून लांब घेऊन जाते आणि सांगते, “आजोबा, आधी साध्या पाण्याने चूळ भरा. आता दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीच्या तळापासून खोकून काढा. थुंकी नको, बेडका हवा. घाई नाही, मी थांबते.” मग ती डबी उजेडात धरून पाहते, दाट पिवळसर बेडका आला आहे की नाही ते, आणि आला नसेल तर पुन्हा प्रयत्न करायला सांगते. पुढे प्रयोगशाळेत कार्बोल फ्युक्सिन ओतून खालून वाफ निघेपर्यंत तापवलं जातं, पण उकळू दिलं जात नाही. मग आम्लाने धुऊन मिथिलीन ब्लूने पार्श्वभूमी निळी केली जाते. निळ्या शेतात किंचित वाकलेल्या बारीक लालसर काड्या दिसल्या, की निदान झालं. पण सूक्ष्मदर्शकाखाली काडी दिसण्यासाठी एका मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. आता सीबीनॅट यंत्र याहून कितीतरी कमी जंतूही दोनेक तासांत पकडतं आणि क्षयावरचं रिफाम्पिसिन हे औषध चालेल की नाही तेही सांगतं. त्यालाही बेडकाच लागतो.

लघवीच्या नमुन्याचं गणित विद्यार्थ्यांनी स्वतः कागदावर करून पाहावं. मिलिलिटरमागे एक लाख किंवा जास्त जंतू असले तर बहुधा खरा संसर्ग, अशी जुनी आणि अजून उपयोगाची मर्यादा आहे. समजा, नमुना घेताना बाहेरच्या त्वचेवरचे मिलिलिटरमागे हजारभर ई. कोलाय त्यात मिसळले. अनुकूल परिस्थितीत हा जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतो. दोन तासांत हजाराचे चौसष्ट हजार, तीन तासांत पाच लाखांवर. वेग याच्या निम्मा धरला, तरी वैशाखातल्या दुपारी ओपीडीच्या खिडकीत पाच-सहा तास विसरलेली बाटली प्रयोगशाळेत पोचेस्तोवर निरोगी बाईला रोगी ठरवू शकते, आणि मग तिला गरज नसलेलं प्रतिजैविक मिळतं. मधल्या धारेचा नमुना घ्यायला नीट समजावून सांगणं, वर वेळ लिहिणं, दोन तासांत पोचवणं आणि ते जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवणं, एवढ्याने हे टळतं. हे काम शिपाई, सिस्टर आणि तंत्रज्ञ यांच्या हातात असतं. या पुस्तकाचे वाचक तेच आहेत, म्हणून नमुन्यांचं प्रकरण इथे अगदी सुरुवातीला आहे. इतरत्र ते परिशिष्टात पडून असतं.

रिपोर्ट वाचण्याबद्दलही दोन शब्द. ताप येऊन तिसऱ्या दिवशी विडाल टेस्ट करण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. ही चाचणी १८९६ सालची आहे. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती पहिल्या आठवड्यात पुरेशी वाढलेली नसतात, आणि जुन्या संसर्गाने किंवा लशीनेही रक्तात असू शकतात. म्हणजे एकट्या विडालवरून टायफॉइड आहे म्हणणंही धोक्याचं आणि नाही म्हणणंही. पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात असतो, तेव्हा प्रतिजैविक सुरू करण्याआधी घेतलेलं ब्लड कल्चर खरं उत्तर देतं. जंतू कोणत्या दिवशी शरीरात कुठे असतो हे ज्याला माहीत आहे, त्याला कोणता नमुना केव्हा घ्यायचा हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

प्रतिजैविकांच्या प्रकरणात थोडं अधिक रेंगाळायला हवं. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने. एच. ए. कंपनी म्हणून आजूबाजूचं सगळं गाव त्याला ओळखतं. ज्या पेनिसिलिनसाठी परदेशाकडे पाहावं लागत होतं ते इथे बनू लागलं, ही त्या पिढीच्या जिवावरचं ओझं उतरवणारी गोष्ट होती. पण पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलं होतं की अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतील. तसंच झालं. आता मुलर-हिंटन अगारच्या प्लेटवर औषधांच्या चकत्या ठेवून त्यांभोवतीची स्वच्छ वर्तुळं मिलिमीटरमध्ये मोजताना, काही प्लेटवर एकाही चकतीभोवती वर्तुळ पडलेलं नसतं. अशी प्लेट हातात धरली की पोटात गोळा येतो. औषधाला दाद न देण्याचा गुणही प्रवास करतो, हे विद्यार्थ्यांना खास सांगावंसं वाटतं. प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या कड्यांवर बसून तो एका जंतूतून दुसऱ्यात जातो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूतही. आणि तो जंतू पलंगाच्या दांडीवरून, स्टेथोस्कोपवरून, न धुतलेल्या हातांवरून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जातो. व्हिएन्नात सेमेलवाइसने १८४७ मध्ये क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू घडाघडा खाली आणले होते. तेव्हा जंतू कुणी सिद्धही केले नव्हते. आज सगळं सिद्ध आहे, वॉर्डात सॅनिटायझर टांगलेलं आहे, आणि तरी गर्दीच्या वेळी पहिली काट मारली जाते ती हात धुण्यावर. मनुष्यबळ कमी असतं, एकेका सिस्टरकडे किती रुग्ण असतात, हे मला पुरतं ठाऊक आहे. म्हणूनच हे बोलणं एकट्या सिस्टरला ऐकवण्यासारखं नाही, रुग्णालय चालवणाऱ्यांनी ऐकण्यासारखं आहे.

विषाणूंचा भाग मी थोडक्यात ओलांडतो, कारण आत्ता कॉलेजात असलेल्या मुलांनी तो शाळेत असतानाच अनुभवला आहे. घशात स्वॅब घातला जाताना काय वाटतं हे त्यांना कुणी शिकवायला नको. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची सुरुवात १९५२ मध्ये झाली, आणि भारतातल्या पहिल्या कोविड रुग्णाचं निदान जानेवारी २०२० मध्ये याच संस्थेने पक्कं केलं. विषाणू अगारवर वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. जिवाणूंवर चालणारं औषध त्याच्यावर चालत नाही ते त्याच्या या वेगळ्या राहणीमुळे. सर्दीला अ‍ॅझिथ्रोमायसिन मागणाऱ्या काकांना हे सोप्या भाषेत समजावता आलं, तर ते प्रकरण समजलं असं मानायला हरकत नाही.

पुस्तकाच्या भाषेविषयी लेखकांनी घेतलेली भूमिका मला रास्त वाटते. परीक्षेत आणि रिपोर्टवर जे शब्द लागतात ते तसेच ठेवले आहेत, समजावणं मात्र मराठीत आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी स्मिअर, कल्चर, कॉलनी हे शब्द आठवड्याभरात उचलते. तिला अडतं ते इंग्रजी परिच्छेदातलं कार्यकारण. ते एकदा आपल्या भाषेत उमगलं की अनंतनारायण आणि पणिकर यांचा जाडजूड ग्रंथ हाती घ्यायला ती घाबरत नाही. केरळच्या दोन शिक्षकांनी लिहिलेला आणि १९७८ मध्ये पहिल्यांदा निघालेला तो ग्रंथ भारतीय विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांनी वाचला आहे. पुढे जाणाऱ्यांनी तो जरूर वाचावा. परजीवी आणि बुरशी यांना या पुस्तकात तुलनेने कमी पानं मिळाली आहेत, ही मला जाणवलेली उणीव आहे. नायटा आणि जंत हे आपल्या ग्रामीण रुग्णालयांचे रोजचे विषय आहेत, आणि पुढच्या आवृत्तीत त्यांना ऐसपैस जागा मिळावी.

पाण्याचं प्रकरण वाचण्याआधी एक काम करा. तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो. त्याला भेटा, पावडर उघड्या पोत्यात आहे की झाकणाच्या डब्यात आहे ते बघा, कारण उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो. मग टाकीच्या सर्वांत लांबच्या नळावर जाऊन त्याच्याकडून क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट करून घ्या. नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन तिथवर पोचला आहे. झालं नाही, तर पाइप कुठे फुटला आहे, त्याच्या शेजारून गटार जातं का, हे त्याच्याबरोबर चालत जाऊन शोधा, आणि त्या वाटेचा नकाशा जर्नलच्या पहिल्या पानावर काढा.